समानधर्म्याचा शोध आणि गणनेची साधने

१

‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत भवभूतीने आपल्या निंदकांना जे उत्तर दिले आहे, ते संस्कृत नाट्याच्या प्रत्येक अभ्यासकाला परिचित आहे. समकालीनांनी अवहेलना केली, तरी आपल्या कृतीशी ज्याचे अंतःकरण जुळेल असा समानधर्मा स्थलकालाच्या विस्तारात कोठेतरी असणारच, अशी या कवीची श्रद्धा होती. विदर्भाशी ज्याचे नाते सांगितले जाते त्या या नाटककाराच्या उद्गारात जितका स्वाभिमान आहे, तितकीच अगतिकताही आहे. समानधर्मा आहे हे कवीला ठाऊक आहे. तो कोठे आहे हे मात्र ठाऊक नाही, आणि ते जाणून घेण्याचा कोणताही उपाय त्याच्या हाती नाही. त्याला केवळ वाट पाहता येते.

ही प्रतीक्षा आता संपली आहे, असा दावा गेल्या पंचवीस वर्षांत वारंवार करण्यात आला. आंतरजालावर कोणी कोणते गीत ऐकले, कोणत्या चित्राविषयी कोठे लिहिले गेले, कोणत्या नगरात कोणाचे नाव अधिक शोधले गेले, यांची अहोरात्र नोंद घेणारी साधने निर्माण झाली. त्यांच्या साह्याने कोणत्याही कलावंताला आपला रसिक शोधून काढता येईल, असे सांगण्यात आले. या दाव्यात तथ्य किती व अतिव्याप्ती किती, याचा विचार येथे कर्तव्य आहे. ज्या कलावंताची उपजीविका त्याच्या कलेवर अवलंबून आहे त्याच्या दृष्टीने हा पोटाचा प्रश्न आहे. रसिकाची संकल्पना ज्या समीक्षेच्या केंद्रस्थानी आहे तिच्या दृष्टीने तो सिद्धांताचाही प्रश्न आहे.

२

प्रथम ही साधने प्रत्यक्षात काय करतात हे स्पष्ट करावयास हवे. त्यांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग उल्लेखांचा मागोवा घेणाऱ्या साधनांचा. २००३ मध्ये सुरू झालेली गूगल अलर्ट्‌स ही सेवा याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. एखादे नाव अथवा शब्दसमूह नोंदवून ठेवला, की तो ज्या नव्या पृष्ठावर आढळेल त्याची सूचना पत्राने मिळते. दुसरा वर्ग वर्तनाची गणना करणाऱ्या साधनांचा. येथे कोणी काय लिहिले हे पाहिले जात नाही. कोणी काय ऐकले, उतरवून घेतले, जपून ठेवले किंवा अर्ध्यावर सोडले, हे मोजले जाते.

दुसऱ्या वर्गाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. २००० साली अमेरिकेत स्थापन झालेल्या बिगशँपेन या संस्थेने, संगीताच्या धारिकांची परस्पर आणि बहुतांशी विनापरवाना देवाणघेवाण करणाऱ्या जाळ्यांवर लक्ष ठेवण्यास आरंभ केला. ज्या व्यवहाराविरुद्ध ध्वनिमुद्रिका कंपन्या न्यायालयात झगडत होत्या, त्याच व्यवहाराची प्रदेशवार आकडेवारी त्या या संस्थेकडून विकत घेत होत्या. अमुक प्रदेशात अमुक गीताची देवाणघेवाण वाढत आहे असे दिसले, की तेथील नभोवाणी केंद्राला ते गीत वाजविण्याचा आग्रह करता येई. म्हणजे चोरी ठरविलेल्या कृतीचाच अभिरुचीचा पुरावा म्हणून उपयोग होत होता. तथापि हा पुरावा ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांनाच उपलब्ध होता. सामान्य कलावंताला तो पाहावयास मिळत नव्हता.

या स्थितीत पुढे खरोखर बदल झाला, हे मान्य केले पाहिजे. २०१७ मध्ये स्पॉटिफाय या सेवेने कलावंतांसाठीचे आपले दालन सर्वांना खुले केले. ज्याच्यामागे कंपनी नाही, व्यवस्थापक नाही, असा गायकही आपले श्रोते कोणत्या देशात व कोणत्या नगरात आहेत हे तेथे पाहू शकतो. ज्या गावी आपले नावही पोहोचले नसेल असे वाटत होते तेथे दोनशे माणसे आपले गीत ऐकत आहेत, हे कळणे लहान गोष्ट नव्हे. त्या माहितीच्या बळावर एखादे सभागृह ठरविता येते, प्रवासाचा खर्च अंगावर घ्यावा की नाही याचा निर्णय करता येतो. भवभूतीला जे अप्राप्य होते त्याचा एक अंश येथे निश्चितपणे प्राप्त झालेला आहे. हा अंश कोणता, एवढाच प्रश्न उरतो.

३

या साधनांच्या सामर्थ्याविषयी सर्वांत अधिक सांगितली गेलेली कथा आयर्न मेडन या ब्रिटिश वाद्यवृंदाची आहे. २०१३ च्या डिसेंबरात असे वृत्त प्रसिद्ध झाले की, म्युझिकमेट्रिक या निरीक्षणसंस्थेच्या आकडेवारीवरून या वृंदाला दक्षिण अमेरिकेत आपल्या गीतांची विनापरवाना देवाणघेवाण मोठ्या प्रमाणावर होत असल्याचे कळले. तेव्हा त्याने खटले न भरता तेथेच दौरे योजिले आणि विपुल धन मिळविले. ही कथा जगभर पसरली. चोराला श्रोता मानणारा उदार कलावंत आणि त्याला वाट दाखविणारे अचूक साधन, अशी दोन्ही पात्रे तीत मनोहर होती.

परंतु कथा खरी नव्हती. वृंदाने ही आकडेवारी वापरून दौरा आखल्याचा कोणताही आधार नसल्याची दुरुस्ती मूळ वृत्त देणाऱ्यांनाच नंतर करावी लागली. वस्तुतः सावधपणे पाहणाऱ्याला दुरुस्तीचीही आवश्यकता नव्हती. आयर्न मेडनने १९८५ च्या जानेवारीत रिओ दी जानेरो येथील महोत्सवात आपली कला सादर केली होती. २००८ च्या दौऱ्यातील दक्षिण अमेरिकेचा प्रवास तर २००९ मध्ये प्रदर्शित झालेल्या एका अनुबोधपटात चित्रित झालेला आहे. आपला श्रोता कोठे आहे हे या वृंदाला म्युझिकमेट्रिकच्या जन्मापूर्वीच ठाऊक होते, आणि ते त्याला कळले होते समोरच्या गर्दीकडे पाहून.

या कथेचे महत्त्व तिच्या असत्यतेत नाही; ती इतक्या सहजतेने खरी मानली गेली, यात आहे. साधनाने ज्ञात गोष्टीस दुजोरा दिला होता. लोकांनी त्याला शोधाचे श्रेय दिले. या साधनांच्या स्तुतीचा पुष्कळ भाग असाच आहे. ज्याचा श्रोतृवर्ग आधीच सिद्ध आहे त्याच्याविषयी साधन भरपूर बोलते, कारण त्याच्याविषयी बोलण्यासारखे पुष्कळ असते.

४

याच्या नेमके उलट उदाहरण डेट्रॉइटच्या सिक्स्टो रॉड्रिगेझचे आहे. त्याची ‘कोल्ड फॅक्ट’ ही ध्वनिमुद्रिका १९७० साली निघाली. अमेरिकेत ती खपली नाही. दुसरी मुद्रिकाही तशीच उपेक्षित राहिली, आणि रॉड्रिगेझ घरे पाडण्याच्या व बांधकामाच्या कामावर मजुरी करू लागला. इकडे वर्णविद्वेषी राजवटीखालील दक्षिण आफ्रिकेत त्याची गीते एका संपूर्ण पिढीच्या तोंडी बसली होती. तेथील श्रोत्यांना तो रंगमंचावरच मृत्यू पावला अशी वदंता ठाऊक होती. त्याला स्वतःला त्या श्रोत्यांचे अस्तित्वही ठाऊक नव्हते.

१९९७ मध्ये केपटाउनच्या स्टीफन सेगरमन या चाहत्याने त्याच्या शोधासाठी एक संकेतस्थळ उभारले, आणि त्याच सुमारास एका पत्रकाचा स्वतंत्र शोध त्याच्या ध्वनिमुद्रण-निर्मात्यापर्यंत जाऊन पोहोचला. रॉड्रिगेझच्या कन्येच्या दृष्टीस ते संकेतस्थळ पडले आणि तिने संपर्क साधला. १९९८ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत गेला व भरलेल्या सभागृहांपुढे गायिला. २०१२ मध्ये त्याच्यावर निघालेल्या ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ या अनुबोधपटाला पुढील वर्षी ऑस्कर पारितोषिक मिळाले. २०२३ मध्ये त्याचे निधन झाले. चित्रपटात एक गोष्ट गाळलेली आहे, तीही येथे नोंदविली पाहिजे. ऑस्ट्रेलियातही त्याचे श्रोते होते आणि १९७९ मध्ये त्याने तेथे दौरा केला होता. तेव्हा तो सर्वस्वी अज्ञात नव्हता. परंतु त्याचा सर्वांत मोठा श्रोतृवर्ग मात्र त्याला अज्ञात होता.

निरीक्षणसाधनांचा खरा पक्ष मांडावयाचा तर तो या उदाहरणावरूनच मांडता येईल. दक्षिण आफ्रिकेतील श्रवणाची एक ओळभर नोंद १९७५ मध्ये डेट्रॉइटला पोहोचली असती, तर एका कलावंताची वीस वर्षे मजुरीत गेली नसती आणि त्याच्या मानधनाचा हिशेब कोणाला तरी विचारता आला असता. साधनाचा उपयोग येथे निर्विवाद आहे.

परंतु याच उदाहरणातून त्या उपयोगाची मर्यादाही दिसते. रॉड्रिगेझचा श्रोतृवर्ग कोणत्याही साधनाने निर्माण केला नव्हता. हस्ते परहस्ते फिरलेल्या ध्वनिमुद्रिकांनी, एका बंदिस्त समाजातील तरुणांच्या अस्वस्थतेने आणि त्या गीतांच्या अंगभूत सामर्थ्याने तो घडला होता. तुटलेला होता तो केवळ वार्तेचा दुवा. आणि तो दुवाही गणनेने जुळला नाही. ज्याला त्या गीतांचे वेड होते अशा एका माणसाने हाक घातली आणि दुसऱ्या माणसाने ती ऐकली, म्हणून तो जुळला.

५

आता प्रश्न उरतो तो ज्याचा श्रोतृवर्ग अद्याप घडलेलाच नाही त्या कलावंताचा. साधनांचे आश्वासन मुख्यतः त्यालाच उद्देशून दिले जाते. या आश्वासनाच्या मुळाशी दोन उपपत्ती आहेत. क्रिस अँडरसन याने २००४ मध्ये एका लेखात व २००६ मध्ये ग्रंथरूपाने ‘लांब शेपटी’ची कल्पना मांडली. दुकानातील फळीची मर्यादा नाहीशी झाली, की अल्पसंख्य रसिकांना प्रिय असलेल्या असंख्य कृतींनाही बाजारात स्थान मिळेल, असे तिचे सार आहे. केव्हिन केली याने २००८ मध्ये तिला हिशेबाची जोड दिली. दरवर्षी शंभर डॉलर खर्च करणारे एक हजार निष्ठावंत चाहते मिळाले, की कलावंताचा चरितार्थ चालेल. हे हजार चाहते जगभर विखुरलेले असणार. त्यांना हुडकण्याचे काम साधनांनी करावे, अशी ही योजना आहे.

तिची परीक्षा लगेचच झाली. हार्वर्डच्या अनिता एल्बर्स यांनी २००८ मध्ये ऑनलाइन संगीतसेवेच्या व्यवहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकूण श्रवणांपैकी ७८ टक्के श्रवणे वरच्या १० टक्के गीतांच्या वाट्याला गेल्याचे आढळले. शेपटी लांब झाली होती खरी. पण ती पुष्ट झाली नव्हती. याहूनही मूलगामी असा प्रयोग सॅल्गॅनिक, डॉड्स व वॉट्स या तिघांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. अपरिचित वृंदांची ४८ गीते त्यांनी १४,३४१ जणांपुढे ठेवली. काहींना केवळ गीतांची नावे दिसत. उरलेल्यांना आठ स्वतंत्र ‘जगां’त विभागून, त्या त्या जगात पूर्वी किती जणांनी कोणते गीत उतरवून घेतले याचा आकडाही दाखविण्यात आला. आकडा दिसताच यशातील विषमता वाढली, आणि कोणते गीत यशस्वी होईल याची अनिश्चितताही वाढली. एकच गीत एका जगात पहिले आले आणि दुसऱ्या जगात चाळिसावे. अत्यंत चांगली गीते सहसा तळाला गेली नाहीत व अत्यंत वाईट सहसा शिखरावर पोहोचली नाहीत. मधल्या सर्वांचे भवितव्य मात्र बव्हंशी आरंभीच्या योगायोगाने ठरले.

या प्रयोगाचा निष्कर्ष प्रस्तुत विषयाला थेट लागू पडतो. निरीक्षण आणि प्रदर्शन ही दोन भिन्न कार्ये आहेत. श्रोता कोठे आहे हे कलावंताला खासगीत कळले, तर त्याला मदत होते. तोच आकडा सर्वांना दाखविला, किंवा त्या आकड्यावरून कोणते गीत पुढे करावयाचे हे यंत्राने ठरविले, तर निरीक्षण हे निरीक्षण राहत नाही. जे मोजावयाचे तेच ते घडवू लागते. नवोदिताच्या वाट्याला प्रारंभी शून्य येते, आणि शून्याला साधनापाशी कोणतेही उत्तर नाही.

६

मराठीच्या अभ्यासकाने येथे आणखी एका मर्यादेकडे लक्ष दिले पाहिजे. उल्लेखांचा मागोवा घेणारे साधन नाव ओळखते ते अक्षरांच्या जुळणीवरून. ज्या भाषेत नामाचे रूप वाक्यात सहसा बदलत नाही, तेथे ही पद्धती बऱ्यापैकी चालते. मराठीत नाम विभक्तीसह सामान्यरूप धारण करते. ‘शाहीर’ या शब्दाचे ‘शाहिराने’, ‘शाहिरांचा’ असे रूप झाले, की केवळ प्रत्यय जोडला जातो असे नव्हे, तर मूळ शब्दातील दीर्घ ईकारही ऱ्हस्व होतो. ‘शांता’ हे नाव ‘शांतेचे’ होते, ‘शांताबाईंनी’ होते. केवळ अक्षरजुळणीवर अवलंबून असलेल्या साधनाला ही सर्व रूपे परकी आहेत. त्यातच एकच नाव कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहितो. उलटपक्षी ‘वसंत’ नावाच्या गायकाचा शोध घेऊ जाता ऋतुवर्णनांचा ढीग पुढ्यात येतो. परिणामी मराठी कलावंताचा उल्लेख प्रत्यक्षात जितका होतो त्याहून कमी मोजला जातो, आणि कमी मोजले गेलेले यंत्राच्या हिशेबी कमी मोलाचे ठरते.

याखेरीज जो श्रोता काही लिहीतच नाही, त्याचे काय? नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे यात्रेचे पंच तेथे येऊन बोलणी करतात आणि सुपारी ठरते. हा रसिकाचा शोधच आहे, आणि येथे रसिकच कलावंताला शोधीत येतो. फडमालकाला कोणत्या गावी वग रंगतो व कोणत्या गावी गवळणीला दाद मिळते हे अनुभवाने ठाऊक असते. या ज्ञानाचा ठसा आंतरजालावर उमटतोच असे नाही. तेव्हा साधनाने जे दाखविले नाही ते अस्तित्वातच नाही, असे अनुमान करणे हा तर्कदोष होय. आणि तो दोष अनुदान, निमंत्रण वा पारितोषिक देणाऱ्यांकडून घडला, तर त्याचे मोल एखाद्या फडाला द्यावे लागते.

७

मापनाचा आणखी एक परिणाम अधिक सूक्ष्म आहे. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात जे सूत्र मांडले, त्याला मानवशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅदर्न यांनी १९९७ मध्ये व्यापक रूप दिले. माप हेच उद्दिष्ट झाले, की ते माप म्हणून निरुपयोगी होते, असा त्याचा आशय आहे. संगीतसेवेत एखादे गीत तीस सेकंद ऐकले गेले की एक श्रवण नोंदले जाते. हा नियम हिशेबाच्या सोयीसाठी आहे. पण कलावंताला तो ठाऊक झाल्यावर विलंबित आरंभ, दीर्घ आलाप, सावकाश उलगडणारी रचना यांना तो नकळत दंड करू लागतो. ज्या संगीतपरंपरेत तीस सेकंदांत स्वर जेमतेम लागतो, तिला हे माप केवळ अपुरे नाही, ते प्रतिकूल आहे. २०२४ पासून स्पॉटिफायने आधीच्या बारा महिन्यांत किमान एक हजार श्रवणे न मिळालेल्या ध्वनिमुद्रणाला मानधनाच्या हिश्शातून वगळले आहे. संख्या ही आता वार्ता राहिली नाही. ती पात्रतेची अट झाली आहे. केलीने कल्पिलेले एक हजार चाहते आणि हे एक हजार श्रवणांचे कुंपण यांतील अंतर हेच गेल्या दोन दशकांतील स्थित्यंतराचे मोजमाप म्हणता येईल.

साधनांच्या स्वामित्वाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. बिगशँपेन ही संस्था २०११ मध्ये लाइव्ह नेशन या कार्यक्रम-व्यवसायातील बलाढ्य कंपनीने घेतली. दी एको नेस्ट २०१४ मध्ये स्पॉटिफायच्या, नेक्स्ट बिग साउंड २०१५ मध्ये पँडोराच्या आणि म्युझिकमेट्रिक त्याच वर्षी अ‍ॅपलच्या हाती गेली. ज्यांनी बाजाराकडे बाहेरून पाहावयाचे त्या निरीक्षकांना बाजारानेच एकामागून एक विकत घेतले. आज कलावंताला जी खिडकी मिळाली आहे ती त्या घरमालकाची आहे. तीतून काय दिसावे व काय दिसू नये, हे तोच ठरवितो.

८

या सर्व विवेचनावरून साधने त्याज्य ठरतात काय? तसे म्हणणे रॉड्रिगेझवर अन्याय करणारे होईल. विखुरलेला, परंतु घडलेला श्रोतृवर्ग कोठे आहे याचे उत्तर साधन देऊ शकते, आणि निर्धन कलावंताला ते उत्तर नाकारण्याचे काहीही कारण नाही. त्याने ते अवश्य विचारावे. मात्र ‘कोठे गावे’ या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याला ‘काय गावे’ हा प्रश्न विचारू नये. पहिला प्रश्न व्यवहाराचा आहे, दुसरा निर्मितीचा. साधनाची भाषा दोहोंसाठी एकच असल्यामुळे पहिल्यातून दुसऱ्यात केव्हा पाऊल पडले हे कळत नाही. म्हणूनच हा भेद जाणीवपूर्वक राखावा लागतो.

समीक्षेचे कर्तव्यही येथेच आहे. आपल्या काव्यशास्त्राने रसिकाला सहृदय म्हटले आहे. सहृदयत्व हे वर्तन नव्हे, ती योग्यता आहे. ती अभ्यासाने व सहवासाने येते. गीत तीस सेकंद चालू राहिले याची नोंद यंत्र करील. त्या तीस सेकंदांत ऐकणाऱ्याच्या मनात काही घडले की तो केवळ ते बंद करावयास विसरला, हे त्या नोंदीत नसते. हा फरक ओळखणारा माणूस कोणीतरी असावा लागतो. दक्षिण आफ्रिकेत तो एक चाहता होता. नारायणगावी तो यात्रेचा पंच असतो. अपरिचित कृतीविषयी प्रथम बोलणारा समीक्षक हाही तोच माणूस होय. श्रोतृवर्ग घडतो तो अशा माणसांच्या बोलण्यातून. साधने मागाहून येतात आणि त्याची मोजदाद करतात. शून्याला साधनापाशी उत्तर नाही, हे खरे असेल तर ते उत्तर देण्याची जबाबदारी आकडा न पाहता ऐकणाऱ्यावर येऊन पडते. आणि ती ज्यांनी स्वीकारावयाची, त्यांत विद्यापीठांतील साहित्याच्या व कलेच्या अभ्यासकांचा क्रम शेवटचा नसावा.